जर्मनीतला शेजार: गणपती, कुकरची शिट्टी आणि रविवारची शांतता

नेकरकाठ
नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनमध्ये राहतो. इमारतीत सहा बिऱ्हाडं, त्यांत भारतीय आम्हीच. यंदा सासूबाई पहिल्यांदाच इकडे येताहेत आणि त्यांची फार इच्छा म्हणून घरी दीड दिवसाचा गणपती बसवायचं ठरवलंय. ओळखीची चार-पाच कुटुंबं आरतीला येतील. टाळ, झांजा, पोरंबाळं, सगळं आलंच.

अडचण अशी, की मध्यंतरी आमच्या पोस्टाच्या पेटीत कुणीतरी चिठ्ठी टाकली. भाषा अगदी नम्र, खाली नाव नाही. रविवारी दुपारी मिक्सर आणि ‘ती शिट्टी’ टाळता आली तर बरं होईल, एवढंच. तेव्हापासून नवरा म्हणतोय, आरती मोबाईलवर लावू आणि ओठांतल्या ओठांत म्हणू. मला ते पटत नाही. गणपतीत घर कसं भरून जायला हवं! पण ज्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो त्यांना त्रास देऊन सण करावा हेही मनाला पटत नाही.

तुम्ही काय करता? इथले रिवाज कुठवर पाळता आणि कुठे सांगता की हे आमचं आहे, एवढं चालवून घ्या? सगळे अनुभव हवे आहेत, कडू-गोड दोन्ही.

मोदकप्रिय
गणपती बाप्पा मोरया! पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आम्ही पाचवं कुटुंब.
वाचतोय.

राइनकर
ताई, आधी नियम नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल.

रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ जवळपास सगळीकडे धरली जाते. त्या वेळात आवाज आपल्या खोलीबाहेर जाऊ नये अशी अपेक्षा असते. रविवार आणि सुट्टीचे दिवस दिवसभर शांततेचे. दुपारची १ ते ३ ची विश्रांती मात्र देशभराचा कायदा नाही. ती तुमच्या इमारतीच्या नियमावलीत किंवा गावच्या नियमांत असेल तरच लागू. भाडेकरारासोबत हाउसऑर्डनुंगचे, म्हणजे इमारतीच्या नियमांचे कागद मिळाले असतील, ते काढून वाचा.

आणि इथे जर्मन लोकसुद्धा सर्रास सांगतात, की वर्षातून एकदा रात्रभर दंगा करायचा हक्क असतो. असा हक्क कुठेही नाही. त्यावर विसंबू नका.

संध्याकाळी ६-७ ला अर्ध्या तासाची आरती म्हणजे घरातलं साधं जगणं आहे. त्यासाठी ओठांतल्या ओठांत म्हणायची काही गरज नाही.

कोल्हापुरी_रस्सा
राइनकर दादांशी सहमत, पण मी आणखी पुढे जाऊन बोलतो. आपण इथे कर भरतो, भाडं वेळेवर देतो. ह्यांच्या कार्निव्हलला कोलोनमध्ये आठवडाभर रस्त्यावर ढोल वाजतात, सकाळी ११ लाच माणसं नाचायला लागतात, तेव्हा कुणी चिठ्ठी टाकतं का? दीड दिवस बाप्पा येणार, त्यात काय एवढं? दणक्यात करा. निनावी चिठ्ठीला मी उत्तरही दिलं नसतं.

राइनकर
@कोल्हापुरी_रस्सा, अहो मी कोलोनमध्येच राहतो, म्हणून सांगतो. कार्निव्हलचा दंगा सगळ्या गावाने मिळून मान्य केलेला आहे. ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी हंगाम सुरू होतो हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या) आधीच्या गुरुवारी बायका ऑफिसात कात्री घेऊन पुरुषांचे टाय कापतात आणि साहेबही हसत मान पुढे करतो. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, म्हणून चालतं. आपला गणपती शेजाऱ्यांना ठाऊकच नाही. त्यांना भिंतीपलीकडून अचानक झांजा ऐकू आल्या तर काय समजायचं? ठाऊक करून देणं हे आपलं काम आहे.

श्वाबेनची_सून
नेकरकाठ, अगं मी तुझ्याच भागातली! तुमच्याकडे केअरवोखं आहे ना? मग अर्धं उत्तर तुझ्या जिन्यातच आहे.

बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या श्वाबेन भागात इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडून-पुसून घ्यायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्यापुढचा जिना. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात पहाटे उठून बर्फ काढणं. ह्याची मुळं १४९२ सालापर्यंत जातात. काउंट एबरहार्डने श्टुटगार्टकरांना आठवड्याला आपापली घाण बाहेर नेऊन टाकायला सांगितलं होतं. श्टुटगार्ट नगरपालिकेची सक्ती १९८८ साली उठली, तेव्हा मानफ्रेड रोमेल महापौर होते. पण भाडेकरारांत ती अजून ठाण मांडून आहे, आणि लोकांच्या मनात तर त्याहून जास्त.

मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या पाटीचा मला राग यायचा. जिना चकचकीत असताना पुन्हा काय पुसायचं? मग समोरच्या आजींना बघितलं. ऐंशीच्या पुढच्या त्या बाई शनिवारी सकाळी एप्रन बांधून येतात, वरच्या पायरीपासून सुरुवात करतात, कठड्याचा प्रत्येक गज फडक्याने पुसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलतात. कोण आजारी, कुणाचा मुलगा परगावी गेला, सगळ्या बातम्या तिथेच कळतात. तेव्हापासून मीही मुद्दाम शनिवारी सकाळीच जिना काढते. माझी ह्या इमारतीतली सगळी ओळख त्या जिन्यातली आहे. आता दिवाळीला मी ताटं घेऊन निघाले की दारं आधीच उघडी असतात.

तेव्हा गणपतीच्या आधी तुझी पाळी आली की जिन्यातच विषय काढ. चिठ्ठी कुणाची तेही आपोआप कळेल.

बर्लिनवासी
श्वाबेनची_सून, छान लिहिलंत. आमच्या बर्लिनात मात्र शेजारी कोण हे चार वर्षांनीही कळत नाही. जिना पुसायला कंपनीची माणसं येतात. शेजाऱ्याशी संबंध एकच: पार्सल! आपण घरी नसलो की पार्सलवाला शेजाऱ्याकडे ठेवून जातो आणि पेटीत कागद टाकतो. माझ्या मजल्यावरच्या सगळ्या ओळखी अशाच झाल्या. मी घरून काम करतो, त्यामुळे अख्ख्या इमारतीची पार्सलं माझ्या दारात असतात. लोक घ्यायला येतात, दोन शब्द बोलतात, एकाने तर ख्रिसमसला स्टोलनचा, म्हणजे इकडच्या ख्रिसमसच्या केकचा, मोठा तुकडा आणून दिला. आमच्याकडे आरतीला कुणी कधी हरकत घेतलेली नाही. शेजारधर्म प्रत्येक गावी वेगळा असतो, एवढंच सांगायचंय.

वाटीचमचा
रविवारी दुकानं बंद असतात त्याची सवय कशी करून घ्यायची ते आधी सांगा. परवा रविवारी पाहुणे आले आणि घरात कोथिंबीर नाही!

राइनकर
@वाटीचमचा, मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पेट्रोल पंपावर दूध-ब्रेड मिळतं, बेकऱ्या सकाळी काही तास चालू असतात. कोथिंबिरीसाठी शनिवार.

ह्यामागे चक्क राज्यघटना आहे. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमात रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून राखलेला होता, आणि १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमातून ते कलम जसंच्या तसं घेतलं. बर्लिनने ख्रिसमसआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली होती. २००९ साली घटना न्यायालयाने ती रद्द केली. चर्च आणि कामगार संघटना ह्या बाबतीत एका बाजूला असतात.

मला स्वतःला हा रविवार आता फार आवडतो. दुकानं बंद, त्यामुळे मुलांना घेऊन जंगलात जावंच लागतं.

वाटीचमचा
बरं. शनिवारी दोन जुड्या आणते.

ओसरी
मी पुण्याहून लिहितेय. माझी लेक फ्रांकफुर्टजवळच्या एका गावात असते, तिच्याकडे माझं येणं-जाणं आहे. नेकरकाठच्या सासूबाई पहिल्यांदा येणार म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक म्हणजे त्यांना घरात बसवून ठेवू नका. तिकडे दवाखान्यात शिरतानासुद्धा आत बसलेल्या सगळ्यांना नमस्कार घालायची पद्धत आहे. ओळख असो-नसो, शिरणारा ‘गुटन टाग’ म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. तेवढे दोन शब्द आले तरी म्हाताऱ्या माणसाला धीर येतो. मी गल्लीत प्रत्येकाला म्हणायचे. हळूहळू लोक मलाही ओळखायला लागले.

दुसरी गोष्ट त्यांच्या स्मशानांची. लेकीच्या घरामागे दफनभूमी होती आणि सुरुवातीला मी तिकडचा पडदा लावूनच ठेवायचे. मग शेजारच्या आजी एकदा मला सोबत घेऊन गेल्या. पाण्याच्या झाऱ्या तिथे एका दांड्याला ओळीने साखळीने अडकवलेल्या. नाणं घालायचं, झारी सुटते, पाणी घालून झालं की परत अडकवायची आणि नाणं परत. आजींनी नवऱ्याच्या थडग्यावर बेगोनियाची रोपं लावली होती. त्यांनी वाळलेली फुलं खुडली, माती हाताने सारखी केली, पाणी घातलं आणि बाकावर बसून डब्यातला केक मला दिला. पितृपक्षात आपण वाडी दाखवतो, त्या वर्षभर बाग राखतात. मला ती बाई फार जवळची वाटली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्याने काही अडलं नाही.

सासूबाईंना शेजारच्या कुणा समवयस्क बाईंची गाठ नक्की घालून द्या. आपला सण म्हणजे काय हे मग त्याच समजावतील.

श्वाबेनची_सून
ओसरी काकू, किती सुंदर लिहिलंत. डोळ्यांत पाणी आलं.

तबलजी
थोडं अवांतर, पण आवाजाचा विषय आहे म्हणून. ज्यांच्या घरी मुलं हार्मोनियम-तबला शिकतात त्यांच्यासाठी: इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली एका ट्रंपेटवादकाच्या खटल्यात सांगितलं, की घरी वाद्य वाजवणं पूर्ण बंद करता येत नाही. कामाच्या दिवशी साधारण २-३ तास आणि रविवारी-सुट्टीच्या दिवशी १-२ तास हा ढोबळ अंदाज धरावा, विश्रांतीच्या वेळा सोडून. माझ्या लेकीचा रियाज ह्याच हिशोबाने चालतो. तबल्याखाली जाड रबरी चटई टाकली, कारण ठेका जमिनीतून खाली जातो. खालच्या काकांना विचारलं तर म्हणाले, आता फक्त सुरेल भाग ऐकू येतो.

तसंच पाळणाघरातल्या आणि खेळाच्या मैदानावरच्या मुलांचा आवाज हा २०११ पासून कायद्याने उपद्रव धरला जात नाही. पोरांबद्दल फार धास्ती घेऊ नका.

कोल्हापुरी_रस्सा
@तबलजी, ही माहिती नव्हती. ट्रंपेटला २-३ तास असतील तर झांजेला अर्धा तास मिळायलाच हवा!

दगडफूल
मूळ प्रश्नातल्या ‘त्या शिट्टी’बद्दल कुणीच बोललं नाही :)

इकडचे प्रेशर कुकर शिट्टी देत नाहीत. झाकणावरची दांडी वर येते, तिच्यावरच्या रेघा दिसायला लागल्या की आच कमी करायची आणि मिनिटं मोजायची. भिजवलेली तूरडाळ ८-१० मिनिटांत मऊ होते. सासूबाईंना शिट्ट्या मोजायची सवय असणार, त्यांना शेजारी गजराचं घड्याळ द्या. गणपतीत पन्नास मोदक उकडायचेत ते काही शिट्टीचं काम नाही, मोदकपात्रात होतं.

फोडणीच्या वासाचं म्हणाल तर खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं आरपार वारा घ्या. नुसती तिरकी उघडून दिवसभर ठेवू नका, हिवाळ्यात त्याने भिंती गार पडून बुरशी धरते. घरमालक हे पहिल्याच दिवशी का बजावतात ते एक हिवाळा काढला की कळतं.

आणि महत्त्वाचं: बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात, ते कायद्याने सक्तीचे आहेत. कापूर आणि धूप जपून. मखर दिवाणखान्यात, खिडकीजवळ, पॅसेजपासून लांब मांडा. अलार्म काढून ठेवायचा विचारही करू नका.

शाडूमाती
विसर्जनाचं कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. नदीत किंवा तळ्यात परवानगीशिवाय काहीही सोडायचं नाही. शाडूची छोटी मूर्ती आणा, बादलीत विसर्जन करा. रात्रीतून विरघळते. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल. बाल्कनीतल्या कुंड्यांना घाला. निर्माल्य तपकिरी डब्यात, म्हणजे बिओटोनमध्ये. त्याचं खत होतं.

आरती_संग्रह
शाडूमाती, निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात? माफ करा, मला नाही पटत. देवावर वाहिलेली फुलं आणि बटाट्याची सालं एकत्र? मी वाळवून ठेवते आणि भारतात गेले की नदीत सोडते.

शाडूमाती
@आरती_संग्रह ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण पुण्यातसुद्धा आता घाटावर निर्माल्य कलश असतात आणि गोळा झालेल्या फुलांचं खतच करतात. मातीतून आलं, मातीत गेलं. वेगळं ठेवायचं असेल तर मोठ्या कुंडीत मातीच्या थराखाली पुरा, वसंतात त्याच मातीत तुळस लावा. मी तसंही केलेलं आहे.

आरती_संग्रह
कुंडीचं पटलं. तसं करेन.

पर्वतीपायथा
मी पुण्यातच राहतो, त्यामुळे ह्या धाग्यात बाहेरचा. पण रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम आपल्याकडेही २००० सालापासून आहे. फरक इतकाच, की ब्योब्लिंगेनमध्ये चिठ्ठी येते आणि इथे माझ्या आईच्या छातीत धडधडतं तरी भिंत हादरतच राहते. नेकरकाठ, शेजाऱ्यांचा विचार करून गणपती बसवताय, ह्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. असा गणपती आमच्या चौकातही हवा आहे.

लाटर्ने
दिवाळीचा एक अनुभव सांगते. इथे फटाके फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात, विकत मिळतात तेही वर्षअखेरच्या तीन दिवसांत. त्यामुळे दिवाळीला फटाके नाहीत, मुलगा हिरमुसला होता. पण त्याच सुमारास बालवाडीत सांक्ट मार्टिनची तयारी चालते. ११ नोव्हेंबरला संध्याकाळी मुलं कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून फिरतात. पुढे घोड्यावर लाल झगेवाला मार्टिन असतो, त्याने आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला दिला ही गोष्ट. कंदील करायला आईबाबांना बालवाडीत बोलावतात.

मी तिथे आकाशकंदील करून दाखवला. बांबूच्या काड्या नव्हत्या, म्हणून बागेच्या दुकानातल्या रोपांना आधार देणाऱ्या काड्या घेतल्या. रंगीत पारदर्शक कागद, गोंद, खाली झिरमिळ्या. इकडचे कंदील गोल किंवा प्राण्यांच्या आकाराचे, आपला षटकोनी, सहा करंज्यांचा. पोरांना झिरमिळ्यांचं इतकं वेड लागलं, की मिरवणुकीत कोल्ह्यांना आणि सूर्यांनाही झिरमिळ्या लागल्या होत्या! आता बाई दर वर्षी मला बोलावणं पाठवतात. राइनकरांनी वर म्हटलंय ते खरं आहे, ठाऊक करून द्यावं लागतं. पण त्याआधी त्यांचं काय चाललंय त्यात हात घालावा.

बर्लिनवासी
शाळा सुरू होताना मुलांना तो भला मोठा पुठ्ठ्याचा शंकू देतात ना, खाऊ आणि पेन्सिली भरलेला? आम्ही त्यात चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू घातले होते. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते बाईंना आधी विचारून. गणपतीच्या प्रसादालाही हे लक्षात ठेवा, काजू-शेंगदाणा असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा.

नेकरकाठ
सगळ्यांचे खूप आभार! एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

श्वाबेनची_सून, तुझं ऐकलं. शनिवारी पाळी होती. जिना पुसता पुसता दुसऱ्या मजल्यावरच्या आजींशी विषय काढला. चिठ्ठी कुणाची ते त्यांनीच सांगितलं. तळमजल्यावरची मुलगी इस्पितळात नर्स आहे, शनिवारी रात्रपाळी करून येते आणि रविवारी दुपारी झोपते. मी खाली जाऊन बेल वाजवली. तीच अवघडली. नव्याने राहायला आलेली, कुणाच्या दारात जाऊन सांगायचा धीर झाला नाही म्हणून चिठ्ठी टाकली म्हणाली. तिच्या पुढच्या महिन्याच्या पाळ्या मी लिहून घेतल्यात. गणपतीच्या दिवशी तिला सुट्टी आहे, त्यामुळे ती आरतीला येणार आहे!

आता जिन्यातल्या फळ्यावर कागद लावलाय: तारीख, संध्याकाळी ६ ते ८, टाळ-झांजा वाजतील, लहान मुलं असतील, काही त्रास झाला तर हा फोन नंबर, आणि प्रसादाला जरूर या. आजींनी विचारलं, चपला बाहेर काढायच्या का आणि सोबत काय आणायचं. मी म्हटलं फुलं आणा. नवऱ्याने काल माळ्यावरून झांजा काढून पुसून ठेवल्यात.

एकच राहिलं. सासूबाई घरचं तूप, पेढे, दूर्वा, कढीपत्ता आणि नारळ सगळं घेऊन येते म्हणताहेत. चालेल ना?

राइनकर
फार छान झालं, ताई.

पेढे आणि तूप नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतून आणता येत नाहीत, सापडले तर काढून घेतात. दूर्वा आणि कढीपत्ताही नको, ताज्या वनस्पतींना प्रमाणपत्र लागतं. नारळ चालतो. अननस, केळी, खजूर, दुरियन आणि नारळ ह्यांना त्यातून सूट आहे.

दगडफूल
तूप इथेच घरी कढवा. बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात मिळतं आणि त्याचं तूप उत्तम होतं. सासूबाईंना म्हणावं उकडीसाठी आंबेमोहोराची पिठी तेवढी आणा, इकडच्या पिठीला ती चिकटाई नाही. बंद, छापील पाकीट घ्या, म्हणजे विमानतळावर ही पांढरी पूड कसली ते समजावत बसावं लागणार नाही.